शेंद्र्याची जुनी टर्बो: आधी उन्हाला पुरेल अशी करा, मग ताकदीचं बघा

"गाडी घेतली दादा, आता एअर फिल्टर कोणता टाकू?" जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतलेला नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न हाच असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. आत्ता काहीच टाकू नका, आधी एक उन्हाळा काढा. मे महिन्यात दुपारी तीनला छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर एसी लावून मोंढा नाक्यापासून चिकलठाण्यापर्यंत सिग्नल घेत जा. पाण्याच्या तापमानाचा काटा ९० वरून हलला नाही आणि घरी आल्यावर गाडीखाली थेंब दिसला नाही, तर मग पुढचं बोलू.

ही गाडी आपल्या भागातली आहे, म्हणून तिच्यावर माझा जीव जरा जास्तच आहे. स्कोडाने २००१ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाचं औरंगाबाद) शेंद्रा एमआयडीसीत ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली, आणि तिचीच ही टर्बो पेट्रोल आवृत्ती. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा. इंजिन १७८१ सीसी, चार सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व, तीन आत घेणारे आणि दोन बाहेर टाकणारे, म्हणून एकूण वीस. आपल्याकडे आली ती १५० पीएसची (ताकदीचं माप, घोडे म्हणा). आज कुठलीही गाडी हाताशी आली तरी वीसेक वर्षांची असते. एमएच-२० असो की परभणीची एमएच-२२, लोखंड बहुतेक वेळा ठीक निघतं. गेलेलं असतं ते रबर आणि प्लास्टिक. खाली लिहिलेली कामं मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने दिली आहेत. दुसरी कुठली जुनी टर्बो पेट्रोल गाडी असेल तर आकडे बदलतील, क्रम बहुधा हाच राहील.

पहिलं काम: बेल्ट

आधीच्या मालकाने "बेल्ट आत्ताच बदललाय" असं सांगितलं आणि बिल दाखवलं नाही, तर बेल्ट बदललेला नाही असंच धरून चाला. या इंजिनात टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व यांची वेळ जुळवणारा पट्टा) तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांवर आदळतात. व्हॉल्व वाकतात, हेड उतरवावं लागतं. वीस व्हॉल्वचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो.

नुसता बेल्ट बदलून भागत नाही. टेन्शनर, रोलर, हायड्रॉलिक डॅम्पर आणि वॉटर पंप हे सगळं एकाच वेळी बदला, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि तो जॅम झाला की नवा बेल्टही घेऊन जातो. पंप घेताना आतला पंखा धातूचा आहे का ते बघा. प्लास्टिकचा पंखा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तडकतो किंवा दांड्यावर सैल होतो. मग बाहेरून पंप फिरताना दिसतो आणि आत पाणी हलतच नाही. हात लागलाच आहे तर थर्मोस्टॅटही नवा घाला. बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा यावर पुस्तकं वेगवेगळं सांगतात. आपल्या उन्हाचा आणि धुळीचा विचार करून मी ६०,००० किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी येईल ते धरतो.

दुसरं: ऑइल, आणि गाडी बंद करायची सवय

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. एका बाजूला एक्झॉस्टची आग, मध्ये तेवढं ऑइल. जोरात आलात आणि दारात येताच चावी काढलीत, तर ऑइल जागच्या जागी थांबतं, भाजतं आणि त्याची काजळी होते. ती काजळी टर्बोला ऑइल पोचवणाऱ्या बारीक पाइपात बसते, सुटली की चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरते आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जमते. पुढे एक दिवस ऑइलचा लाल दिवा लागतो, तेव्हा टर्बो आणि बेअरिंग दोन्ही गेलेली असू शकतात.

म्हणून घराआधीचे शेवटचे दोन किलोमीटर हलक्या पायाने या. कन्नड घाट चढून लगेच चहाला थांबायचं असेल तर मिनिट-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू राहू द्या, मग बंद करा. सकाळी उलटा नियम: ऑइल गरम होईपर्यंत टर्बो ओढायची नाही. पाण्याचा काटा ९० वर आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नसतं. ऑइलला त्यापुढे आणखी पाचेक मिनिटं लागतात.

ऑइल पूर्ण सिंथेटिक, ५डब्ल्यू-४०, डब्यावर व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) ५०२ ०० ही मान्यता छापलेलं घ्या. फिल्टरसह साधारण साडेचार लिटर लागतं. ओतून संपवायच्या आधी काडी बघत चला. मी ७,५०० किलोमीटरला किंवा वर्षाला बदलतो. जुन्या मालकाने काय घातलं होतं ते माहीत नसेल, तर पहिल्याच वेळी खालचा चेंबर उतरवून जाळी बघा. ताकदीच्या वाढीवर पैसे घालायचे असतील तर पहिले या कामावर घाला. चेंबर उतरवल्यावर तळाला काळा, चिकट गाळ दिसला तर जाळीसकट पाइप नवा टाका. धुऊन परत लावू नका.

चेंबर बसवल्यावर ऑइलचं प्रेशर मोजून घ्या. सेन्सरच्या जागी मीटर लावायचा, ऑइल ८० अंशांवर आणायचं आणि २,००० आरपीएमला आकडा बघायचा. दोन बारच्या खाली असेल तर ताकदीचं स्वप्न बाजूला ठेवून आधी त्याचं कारण शोधा.

तिसरं: बोअरचं पाणी नको

सांगावंसं वाटतं की हे मराठवाड्याचं खास दुखणं आहे. आपल्या बोअरच्या पाण्यात इतका क्षार असतो की बादलीच्या कडेला पांढरी रेघ उठते. तेच पाणी रेडिएटरमध्ये जातं. माझ्या पहिल्या गाडीत शहरातल्या एका गॅरेजात कूलंट काढून साधं पाणी भरलं होतं आणि मला सांगितलंही नव्हतं. दोन उन्हाळ्यांत हीटरचा कोअर आणि रेडिएटरच्या नळ्या क्षाराने भरल्या. गाडी हायवेवर बरी चालायची, सिग्नलला तापायची.

या गाडीला गुलाबी जी१२ जातीचं कूलंट लागतं. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीचं पाणी ज्या दुकानात मिळतं तिथेच डिस्टिल्ड वॉटरचे कॅन मिळतात. हिरवं किंवा निळं कूलंट त्यात मिसळू नका. दोन्ही एकत्र आले की तपकिरी गाळ होतो. आत काय आहे ते ओळखता येत नसेल तर सगळं काढा, डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा फिरवून धुवा आणि नव्याने भरा.

मग समोरून बघा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत काळ्या मातीची धूळ, गवताचं बी आणि किडे यांचा थर असतो. पुढून कितीही पाणी मारलं तरी तो तिथेच बसतो. बंपर उतरवा, कंडेन्सर थोडा पुढे घ्या आणि मागून पुढे, हलक्या धारेने धुवा. सर्व्हिस सेंटरची प्रेशर गन जवळ नेली की पत्र्याच्या बारीक पात्या वाकतात. इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा) पुढच्या चाकाच्या कोपऱ्यात, बंपरच्या आत लपलेला असतो. लोक तो विसरतात. त्याच्या आतही ऑइलचा पातळ थर असतो, काढलाच आहे तर तोही धुऊन पूर्ण वाळवा. शेवटी एसी लावून दोन्ही पंखे फिरतात का ते डोळ्यांनी बघा. पंख्याचा हळू वेग जळालेला असतो आणि फक्त जोराचा वेग शिल्लक असतो, अशा गाड्या पुष्कळ सापडतात.

चौथं: हवा कुठून सुटते

खरी मजा आणि खरी डोकेदुखी इथेच आहे, म्हणून जरा सावकाश.

गाडी ओढत नाही, मध्येच हुंदका देते, ॲव्हरेज पडलं. दहापैकी सात वेळा टर्बो बरी असते आणि एखादा पाइप फाटलेला असतो. एअर फिल्टरच्या डब्यामागे एअर मास सेन्सर असतो. आत आलेली हवा तो मोजतो आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्या हिशोबाने पेट्रोल देतं. मोजलेली हवा पुढे कुठल्या भेगेतून बाहेर पडली, तर हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच. व्हॅक्यूमच्या वेळी त्याच भेगेतून न मोजलेली हवा आत आली, तर उलटा हिशोब. इंजिन बिचारं दोन्हीकडून फसतं.

तपासायला महागडं मशीन लागत नाही. नळाच्या सामानाच्या दुकानातून टर्बोच्या तोंडाच्या पाइपात घट्ट बसेल अशी पीव्हीसीची टोपी आणा, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व बसवा. एअर मास सेन्सरच्या पुढचा पाइप सोडवा, टोपी आत घालून क्लिप आवळा, क्रँककेसकडे (इंजिनाच्या खालच्या भागाकडे) जाणारा ब्रीदरचा पाइप चिमट्याने दाबून ठेवा आणि पायपंपाने हवा भरा. अर्धा बार पुरे. जास्त भरलीत तर सील बाहेर येतील. आता साबणाचं पाणी आणि कान. इंटेकखाली दडलेल्या ब्रीदरच्या पाइपांकडे आधी बघा. ते बिस्किटासारखे तुटतात. मग इंटरकूलरची दोन्ही तोंडं, मग थ्रॉटलजवळचं रबर. थोडी हवा सिलिंडरमधून जाणारच, तो मंद सुस्कारा वेगळा. भेगेचा आवाज एका जागेवरून येतो.

डायव्हर्टर व्हॉल्व (ॲक्सिलरेटर सोडल्यावर दाबलेली हवा परत टर्बोच्या तोंडाकडे वळवणारा) हातात घ्या. आतला दट्ट्या बोटाने दाबा, वरच्या बारीक नळीचं तोंड दुसऱ्या बोटाने बंद करा, दट्ट्या सोडा. तो तिथेच राहिला तर पडदा शाबूत आहे. हळूहळू बाहेर आला तर फाटला. किंमत फार नाही, बदला.

आणि त्या "फुस्स" आवाजाबद्दल. हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व लावायची इच्छा सगळ्यांना होते. पण या गाडीत ती हवा आधीच मोजलेली असते. ती परत टर्बोच्या तोंडाशी जायला हवी. बाहेर सोडलीत की प्रत्येक गिअर बदलताना मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, प्लग काळे पडतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला, धूर स्वच्छ करणारा डबा) तापतो.

तीच गत उघड्या कोन फिल्टरची. बॉनेटखाली रेडिएटरमागची उकळती हवा ओढायला लावून वर पैसे द्यायचे? बाहेर २० अंश असताना जेवढी हवा एका घासात मिळते, त्यापेक्षा ४२ अंशांना तशीच सात टक्क्यांनी कमी मिळते. बॉनेटखालच्या ६० अंशांत आणखी पाच टक्के जातात. मूळ डबा बाहेरची हवा घेतो. त्यात कागदाचा नवा फिल्टर टाका, आणि फेब्रुवारी ते मे दर ५,००० किलोमीटरला उघडून बघा. ऑइल लावलेले कापडी फिल्टर मी वापरत नाही. ते ऑइल एअर मास सेन्सरच्या तारेवर बसतं.

प्लग आणि कॉइल थोडक्यात: प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी, ३० न्यूटन मीटरला आवळायचा. कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) एक गेली की बाकीच्याही त्याच वयाच्या असतात, चारही बदला आणि जुन्यातली एक चांगली कॉइल १६ मिमीच्या प्लग पान्यासह डिकीत ठेवा. रस्त्यात इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर ॲक्सिलरेटर सोडा, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळत असतं.

पाचवं: पेट्रोल आता उसाचंही आहे

लातूर, बीड, धाराशिवचे आपले कारखाने इथेनॉल करतात, आणि तेच पंपावर परत आपल्या टाकीत येतं. २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलचे या गाडीवर दोन परिणाम होतात. एक चांगला: इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे इंजिन खटखटायची (पेट्रोल चुकीच्या वेळी पेटून ठोके बसायची) भीती थोडी कमी होते. दुसरा असा की वीस वर्षांपूर्वीचं रबर त्याच्यासाठी बनलेलंच नव्हतं. टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे काढून इंधन इंजेक्शनसाठीचे जे३०आर९ दर्जाचे होज टाका, क्लिपाही त्यासाठीच्याच, कापणाऱ्या दातेरी क्लिपा नकोत. हे काम ताकदीच्या कामाआधी, कारण गरम टर्बोशेजारी पेट्रोलचा ओलसर पाइप म्हणजे आगच.

या पेट्रोलला तेवढ्याच हवेत आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून ते स्वतःच वाढवतं. नवा माणूस स्कॅनरवर "अधिक आठ" बघून हवा गळतेय म्हणून घाबरतो. गळतच नसेल असंही नाही. म्हणून चौथं काम आधी केलेलं असावं. पाइप शाबूत असल्याची खात्री असेल तर तो आठचा आकडा पेट्रोलचा आहे हे कळतं.

सहावं: आकडे लिहून ठेवा

एक जुना लॅपटॉप आणि या जातीच्या गाड्यांसाठीचं व्हीसीडीएस सॉफ्टवेअर. एवढंच लागतं. चार खाती बघायची. ०३२ मध्ये पेट्रोलची दुरुस्ती. ०२० मध्ये चारही सिलिंडरच्या ठिणगीचं टायमिंग किती मागे घेतलं जातंय. ११५ मध्ये मागितलेलं बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) आणि मिळालेलं बूस्ट. ००३ मध्ये हवा, ग्रॅम प्रति सेकंद. पूर्ण ॲक्सिलरेटरवर हवेचा सर्वांत मोठा आकडा ०.८ ने भागला की घोड्यांचा अंदाज येतो. १५० साठी १२० ग्रॅमच्या आसपास हवा लागते. ९० च आली तर सेन्सर मेला आहे किंवा हवा कुठेतरी अडते आहे.

नोंद घ्यायची ती तिसऱ्या गिअरमध्ये, २,००० पासून ५,००० आरपीएमपर्यंत, मोकळ्या सरळ रस्त्यावर. शेजारी कुणीतरी लॅपटॉप धरायला हवं, चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचंच नाही. समृद्धीवरची १२० ची मर्यादा त्यात मोडत नाही आणि मोडायची गरजही नाही. त्या रस्त्यावर जायच्या आधी टायरवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल दिसली तरी जुनाट टायरवर तापलेल्या काँक्रीटवर सलग तास-दोन तास वेगाने जाऊ नका.

टायमिंग तीन अंशांपर्यंत मागे घेतलं जात असेल तर ठीक. सहाच्या वर गेलं तर पाय काढा. ते इंजिन आत्ताच खटखटतंय, त्याला आणखी बूस्ट द्यायचा विचारही नको. ही नोंद एकदा डिसेंबरात आणि एकदा मे महिन्यात घ्या. डिसेंबरात सगळ्याच गाड्या छान पळतात.

आता मॉडिफिकेशन

कायदा आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही की आरसीवरची माहिती आणि कंपनीची मूळ रचना जुळणार नाही. कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नूतनीकरणाला गाडी उभी करावी लागते, आणि तिथे अधिकारी बॉनेट उघडू शकतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं, कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावणं माझ्याकडून कुणालाही सांगितलं जाणार नाही. ज्या बदलाने कागद आणि गाडी जुळत नाही, तो फक्त बंदिस्त ट्रॅकसाठी. विमा कंपनीलाही काय बदललं ते लेखी कळवा, नाहीतर अपघातात क्लेम अडतो.

क्रम असा. सगळ्यांत आधी ब्रेक: चांगले पॅड, नवा डॉट ४ फ्लुइड, दर दोन वर्षांनी बदललेला, कारण तो हवेतलं पाणी पितो आणि घाट उतरताना उकळतो. पुढच्या आर्मचे बुश आणि शॉकॲब्झॉर्बर. जुन्या गाडीत हे एवढंच नवं केलं तरी ती दुसरीच गाडी वाटते, आणि आरटीओलाही यावर आक्षेप नाही. पुष्कळांनी इथेच थांबावं असं मला मनापासून वाटतं.

त्यापुढे जायचंच असेल तर इंटरकूलर. परदेशातले लोक आधी ईसीयूचा मॅप (पेट्रोल, टायमिंग आणि बूस्ट ठरवणारी फाइल) बदलतात आणि मग इंटरकूलर बघतात, कारण त्यांच्याकडे थंडी आहे. आपल्याकडे हा क्रम उलटा. कोपऱ्यातला मूळ इंटरकूलर दोन-तीनदा ओढल्यावर तापतो आणि मग ईसीयू टायमिंग मागे घेत राहतं. तुम्ही पैसे दिलेले घोडे तिथेच जिरतात. पुढे बसणारा मोठा इंटरकूलर घेताना पातळ घ्या. फार जाड घेतला तर मागच्या रेडिएटरची हवा अडते, आणि तिसऱ्या कामात कमावलेलं सगळं पाण्यात जातं.

मग क्लच. परभणीच्या एका मित्राने मॅप आधी केला. आठवड्याभरात चौथ्या गिअरला आरपीएम चढायचे आणि गाडी तिथल्या तिथे. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागला, मजुरी तीच, वर महिनाभर गाडी उभी.

मॅप सगळ्यांत शेवटी. करणाऱ्याला विचारा की तो कोणत्या पेट्रोलसाठी आहे. ९८ ऑक्टेनच्या युरोपी पेट्रोलवरची तयार फाइल आपल्या पंपावरच्या पेट्रोलला चालत नाही. मे महिन्यातली तुमची नोंद त्याच्यासमोर ठेवा. ती न वाचताच "१९० देतो" म्हणणाऱ्याकडून उठून या. मूळ छोट्या टर्बोकडून वरच्या आरपीएमला जास्त बूस्ट मागितलं की ती हवा दाबण्यापेक्षा तापवतेच जास्त. मधल्या आरपीएमला भरपूर आणि वर उतरतं बूस्ट असा मॅप मागा. प्लग एक पायरी थंड, गॅप ०.७. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घरी ठेवा.

मॅपनंतर पहिले पाचशे किलोमीटर झाले की इंटरकूलरच्या सगळ्या क्लिपा पुन्हा आवळा, चारही प्लग काढून रंग बघा, ०२० आणि ०३२ पुन्हा लिहा. आणि मृगाचा पाऊस यायच्या आत वायपरखालची जाळी उचला. गाडी कडुलिंबाखाली उभी असते, पानं त्या खोबणीतल्या पाण्याच्या भोकांत बसतात, पाणी साचतं, आणि ईसीयूचा डबा नेमका तिथेच आहे.